रस्त्यावरच्या शर्यतीत कनिष्ठ सायकलपटू कोठे अडतो?

आळंदहून अक्कलकोट किंवा उमरग्याकडे निघालेला सायकलस्वार तुरीच्या शेतांमधून जातो. येथे मोठे घाट नाहीत, वाऱ्याला आडोसाही नाही. एकट्याने तासन्‌तास सायकल हाकणारी मुले अशा मुलखात घडतात. शेजारच्या विजयपूर जिल्ह्याने राष्ट्रीय पातळीवरील अनेक सायकलपटू दिले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील इंगळीच्या पूजा दानोळे हिने २०२० मध्ये गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची चार सुवर्णपदके जिंकली. गुणवत्ता आहे, हे उघड आहे. अडचण त्यापुढे सुरू होते.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार ज्या वर्षात वयाची १७ किंवा १८ वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षी खेळाडू 'ज्युनियर' ठरतो. म्हणजे हाती दोनच हंगाम.

रस्त्यावरची शर्यत ही केवळ ताकदीची परीक्षा नव्हे. शंभरावर स्वार हँडलला हँडल भिडवून धावतात. पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याची सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश शक्ती वाचते. म्हणून वारा कोणत्या बाजूचा, वळणाआधी कोठे असावे, कोणाच्या चाकामागे लागावे, हे क्षणात ठरवावे लागते. वारा आडवा झाला की घोळका तिरप्या रांगांत फुटतो आणि मागे राहिलेला तेथेच संपतो. ही विद्या एकट्याच्या सरावाने येत नाही. ती घोळक्यातच शिकावी लागते. बेल्जियमचा रेम्को एव्हेनपूल २०१७ मध्ये फुटबॉल सोडून सायकलिंगकडे वळला आणि २०१८ मध्ये ज्युनियर गटाची दोन्ही जागतिक विजेतेपदे त्याने पटकावली. त्याची प्रतिभा असामान्य खरीच. पण त्याच्या देशात हंगामभर दर आठवड्याला शर्यत मिळते, हेही विसरू नये.

भारतीय ज्युनियरांचे यश आले ते व्हेलोड्रोमवर. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एगल येथे एसो अल्बेनने जागतिक रौप्यपदक मिळवले. २०१९ मध्ये जर्मनीत त्याने रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांच्यासह सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले. ती शर्यत तीन फेऱ्यांची, मिनिटाच्या आत संपणारी. बंदिस्त मैदानावर तिचा सराव घरीच पुरा करता येतो.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे परिसरात आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी शर्यत झाली आणि परदेशी संघांचा घोळका महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसला. मात्र त्या श्रेणीच्या शर्यतीत ज्युनियरांना प्रवेश नसतो. आळंदच्या सतरा वर्षांच्या मुलाला ती रस्त्याकडेला उभे राहूनच पाहावी लागते.