जुने घर घेताना : कागद आणि भिंत

कामगाराच्या आयुष्यात मोठी रक्कम हाती येण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो. तीस-पस्तीस वर्षे पाळ्या केल्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळून जे हाती पडते, ती त्याची सगळी दौलत. पिंपरी-चिंचवड, हडपसर, कुरकुंभ येथील कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्या पुष्कळांच्या मनात एक बेत घोळत असतो : शहरातली दोन खोल्यांची जागा मुलांना सोडावी आणि आपण गावाकडे एखादे जुने, ऐसपैस घर घेऊन राहावे. पुणे-दौंड लोहमार्गावरील यवत, खुटबाव, केडगाव ही गावे अशा बेताला सोयीची. रेल्वे आहे, बाजार जवळ आहे, मुलाबाळांना पुण्याहून येता येते. दगडी जोते, लाकडी खांब आणि थंडगार माजघर पाहिले की मन हरखून जाते. हरखावेही. परंतु मन हरखले असताना ज्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, तिच्याविषयी येथे बोलायचे आहे.

आपल्याकडे घर घेणारा मनुष्य कागदांविषयी आता बराच सावध झाला आहे. तो वकील गाठतो, निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध घेववतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहतो, वारसांच्या सह्या आहेत की नाहीत हे विचारतो. हे सर्व योग्यच आहे. पण कागद शुद्ध असला म्हणून भिंत शुद्ध असते असे नाही. तीस वर्षांच्या कागदांचा शोध घेण्यासाठी जो पैसे मोजतो, तो शंभर वर्षांच्या भिंतीचा शोध घेण्यासाठी एक दिवसही मोजत नाही. घर दोनदा पाहतो. त्यातही एकदा बायकोमुलांना घेऊन, सणासुदीला, नवा रंग दिल्यावर. आणि व्यवहार ठरतो!

येथे एका शब्दाचा घोटाळा आहे. ‘सर्व्हे’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोजणी येते. भूमी अभिलेख खात्याचा माणूस येतो आणि हद्द दाखवतो. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने आकाशातून होऊ लागली आणि घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. जागा किती आणि कोणाची हे त्यावरून कळते. भिंत उभी राहील की नाही हे मात्र कळत नाही. इंग्लंडात घर घेणारा ‘सर्व्हे’ करवतो तो दुसऱ्या अर्थाने. तेथे चार्टर्ड सर्व्हेअर मंडळींच्या संस्थेने घराच्या तपासणीच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत, आणि तिसरी, सर्वांत सविस्तर पायरी ही जुन्या, मोठ्या किंवा पुष्कळ फेरबदल झालेल्या घरांसाठी आहे. आपल्याकडे अशी रीत पडलेली नाही. म्हणूनच ती आपली आपण पाडून घेतली पाहिजे.

कायदा आपल्याला कितपत सांभाळतो? नव्या प्रकल्पातील सदनिका घेतली तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. खुटबावच्या आळीतले जुने घर कोणा विकासकाने बांधलेले नसते. त्याला लागू पडते ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५. त्यात विक्रेत्याने महत्त्वाचे दोष उघड केले पाहिजेत असे म्हटले आहे खरे. परंतु कोणते दोष? जे विक्रेत्याला ठाऊक आहेत, खरेदीदाराला ठाऊक नाहीत आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडले नसते, असे. याचा सरळ अर्थ असा की जो दोष तुम्ही नीट पाहिले असते तर दिसला असता, त्याविषयी नंतर तक्रार करण्याला फारसा आधार उरत नाही. फुगलेली भिंत, वाळवी लागलेला खांब, ओल मारणारे जोते या साऱ्या नीट पाहणाऱ्याला दिसणाऱ्या गोष्टी आहेत. पाहण्याचे काम कायद्याने खरेदीदाराच्या पदरात टाकले आहे.

कामगारांना ही कल्पना नवी वाटू नये. १९४८ च्या कारखाने अधिनियमात भार उचलणारी साखळी, दोर आणि यारी यांची निदान बारा महिन्यांतून एकदा, आणि माणसे वाहणाऱ्या पाळण्याची निदान सहा महिन्यांतून एकदा, ‘सक्षम व्यक्ती’कडून तपासणी करण्याचे बंधन घातले गेले. मालकाने ‘साखळी चांगली आहे’ म्हणून चालत नसे. जाणकाराने ती तपासून तसे नोंदवावे लागे. हे शहाणपण सुचण्यापूर्वी किती जणांचे हातपाय गेले याचा हिशेब कामगारवर्गाला ठाऊक आहे. डोक्यावर लटकणाऱ्या लोखंडाविषयी जो नियम आपण मागून घेतला, तो डोक्यावरील छपराविषयी आपण स्वतःला का लावू नये?

छपराचे वजन किती असते याचा अंदाज करून पाहा. माळवदी घरात तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच किंवा फळ्या आणि त्यावर मातीचा थर असतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असली तर ती शंभर घनफूट झाली. तिचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते. घर गळू लागले की वर आणखी माती टाकायची, हा जुना रिवाज. प्रत्येक पिढीने थोडी थोडी टाकली तर खालच्या लाकडावर काय भार येतो, हे सांगायला नको.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. ज्यांनी त्यांना मारले त्या त्यांच्याच घराच्या भिंती होत्या. दोन-अडीच फूट रुंदीच्या, बाहेरून भक्कम दिसणाऱ्या या भिंतींची रचना अशी की आतल्या अंगाला एक दगडी पडदा, बाहेरच्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती व कपचा. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड जागोजाग घातलेला नसला, तर ती एक भिंत नसून पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती असतात. हादरा बसला की एक आत कोसळते, एक बाहेर. वरची जड माती त्यात भर घालते. पुढे या भागात घरे मजबूत करण्याचे जे काम झाले, त्यात अशा भिंतींतून आरपार बंध घालण्यावर भर होता. दोष दगडाचा नव्हता. दोष जोडणीचा आणि देखभालीचा होता.

दौंड-शिरूरच्या बाजूला भूकंपाचे एवढे भय नाही असे कोणी म्हणेल. भिंत पडायला भूकंपच लागतो असे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठचे वाडे नुसत्या पाण्याच्या धक्क्याने पडले नाहीत. मातीत बांधलेल्या भिंती भिजल्या आणि बसल्या. माती कोरडी असते तोवर भार सोसते. भिजली की सोसत नाही. खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यात तर जमिनीतील ओल बारमाही आहे. हे पाणी जोत्यातून भिंतीत चढते, बरोबर क्षार आणते आणि भिंतीला लोणा लागतो. खालचा हात-दोन हात भाग भुसभुशीत होऊन झडू लागतो, आणि वरचा सारा भार त्या झिजलेल्या भागावर येतो.

मग तपासायचे काय? आरंभ जमिनीपासून करावा. आपल्या पूर्वजांनी गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी वाटून घेतली होती. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. हा भेद पोकळ नव्हता. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घालून बांधलेले घर दर वर्षी वरखाली होते. घराचा जुना भाग पांढरीवर आणि नंतर वाढवलेली पडवी काळीवर, असेही आढळते. तेथे दोन्हींच्या सांध्यात तडा हमखास. घरात जुने पेव किंवा बळद होते का, ते कसे बुजवले, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

दुसरी गोष्ट भिंत. ओळंबा सोडून पाहावा. भिंत कलली आहे की तिला पोट आले आहे हे दोरीला लगेच कळते. प्रत्येक तडा वाईट नसतो. गिलाव्यापुरती केसासारखी रेघ वेगळी, आणि कोपऱ्यातून तिरपा उतरणारा, वर रुंद आणि खाली निमुळता तडा वेगळा. तडा जुना होऊन थांबला आहे की अजून चालता आहे, हे ठरवण्याची साधी युक्ती म्हणजे त्यावर आडवी काचेची पट्टी चुनखळीने पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवणे. पट्टी फुटली तर भिंत चालते आहे. याला महिने लागतात; म्हणूनच घाईचा व्यवहार वाईट. मातीच्या भिंतीवर नुकताच सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर दुप्पट सावध व्हावे. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही. भिंत आतल्या आत सडते आणि दर्शनी भाग मात्र गुळगुळीत राहतो.

तिसरी गोष्ट लाकूड. खांब मधोमध पाहू नये. तो तेथे बहुधा चांगलाच असतो. पाहायची ती टोके. खांबाचा तळ, आणि तुळईचे भिंतीत घुसलेले टोक. ओल आणि वाळवी तेथून शिरते. टोच्याने टोचून पाहावे, हातोडीने वाजवून पाहावे. घट्ट लाकूड खणखणते, पोकळ लाकूड बद्द वाजते. चौथी गोष्ट छप्पर : कौले, आढे, वासे, पन्हळ आणि वळचणीचे पाणी जाते कोठे. जुन्या मातीच्या भिंतींवर कोणी सिमेंटचा स्लॅब टाकला असेल तर तो भार कशावर बसवला आहे, हे जाणकारानेच पाहावे. विजेच्या तारा, शौचकूप आणि विहीर यांची जागाही त्याच फेरीत पाहून घ्यावी. शोषखड्डा विहिरीच्या किंवा भिंतीच्या फार जवळ नसावा.

पाचवी गोष्ट कागद आणि भिंत यांच्या सीमेवरची आहे. वाड्याची वाटणी झालेली असते आणि मधली भिंत सामाईक असते. ती दुरुस्त कोणी करायची? तुळई तुमची, पण टोक भावकीच्या भिंतीत, असेही असते. शेजाऱ्याचे सांडपाणी किंवा वाट तुमच्या परसातून वीस वर्षे हक्काने, उघडपणे व विनाअडथळा चालू असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्याला हक्क मिळू शकतो. हे नकाशात सापडत नाही, जागेवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तसेच घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, हेही पाहावे. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती घेण्यास १९४८ च्या कुळकायद्याची आडकाठी आहे.

ही तपासणी करणार कोण? जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता, आणि त्याच्या जोडीला गावातला एक जाणता गवंडी व सुतार. अभियंत्याला भाराचे गणित कळते, गवंड्याला त्या मातीचा स्वभाव कळतो. अट एकच : त्यांचा मेहनताना आपण द्यावा, विक्रेत्याने किंवा मध्यस्थाने नव्हे. ज्याचे मीठ त्याची चाकरी, हा नियम भिंती पाहणाऱ्यालाही लागू आहे. शिवाय जे सांगायचे ते लेखी असावे. दोष कोणता, कशामुळे, दुरुस्ती आजच हवी की वर्षभरात की पुढे केव्हातरी, आणि खर्च अंदाजे किती. वेतनकरारात तोंडी आश्वासनाची किंमत काय असते हे कामगाराला कोणी शिकवायला नको. घराच्या बाबतीत तो वेगळा का वागतो?

वेळही महत्त्वाची. इसार देण्यापूर्वी तपासणी व्हावी. ते जमत नसेल तर इसारपावतीत असे लिहून घ्यावे की अमुक दिवसांत तपासणी होईल, आणि मोठा दोष निघाल्यास इसार परत मिळेल. घर एकदा भर पावसात आणि एकदा उन्हाळ्यात पाहावे. पावसात गळती बोलते, उन्हाळ्यात तडा बोलतो.

यावर दोन आक्षेप येतात. एक, खर्च. पण तपासणीचा खर्च हा घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो, आणि लेखी दोषपत्र हाती असले की किंमत ठरवताना बोलायला आधार मिळतो. अर्धी तुळई बदलायची आहे हे कागदावर असेल तर ती कोणाच्या पैशाने बदलायची, याची वाटाघाट होऊ शकते. दुसरा आक्षेप असा की गावात हे बरे दिसत नाही, समोरचा दुखावतो. बैलबाजारात बैलाचे दात पाहिले, त्याला चालवून पाहिले, तर विकणारा दुखावतो का? न पाहता घेणाऱ्यालाच तेथे हसतात. घर तर बैलाहून पुष्कळ वर्षे सांभाळायचे आहे.

जुनी घरे घेऊच नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही. जाड भिंतीचा गारवा, ओसरीची ऐसपैस बैठक आणि पाथरवटाच्या हातची घडाई नव्या खोल्यांत मिळत नाही. नीट तपासलेले, वेळीच दुरुस्त केलेले जुने घर आणखी दोन पिढ्या पाहील. पण ते घर ज्यांनी बांधले त्यांचे श्रम आणि ते घेणाऱ्याचे श्रम, दोन्ही त्या एका व्यवहारात गुंतलेले असतात. तेव्हा निबंधकापुढे सही करण्याआधी एक सही आपल्या अभियंत्याची, तपासणीच्या कागदावर, असू द्यावी.