आरवणं खणखणीत, बीज मंदावलेलं

कोंबडा जितका जुना तितकं त्याचं बीज पक्कं, असं गावरान कोंबड्या पाळणारे पुष्कळ जण मानतात. लालभडक तुरा, खणखणीत आरवणं आणि कळपातला दरारा पाहिला की तसं वाटणारच. पण फलनक्षमता ठरते ती वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांची घडण यांवरून. देशी नर साधारण सहा महिन्यांत वयात येतो. तेव्हाचं वीर्य बेताचंच असतं, पुढचे काही महिने ते भरात येतं आणि दुसऱ्या वर्षापासून हळूहळू उतरू लागतं. वाढतं वजन आणि दुखरे पाय यांमुळे मादीवर नीट चढणंही जमेनासं होतं. म्हणजे फार कोवळा नर जसा नको, तसा फार जुनाही नको.

जबलपूरला नराच्या निवडीच्या या प्रश्नाचं महत्त्व विशेष. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 सालचं, आता नानाजी देशमुख विद्यापीठाचा भाग. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीचा संकर ‘जबलपूर कलर’ कोंबडीशी करून ‘नर्मदानिधी’ ही जात इथेच तयार झाली. अशा पैदाशीत एकेक नर अनेक माद्यांना पुरवायचा असतो, म्हणून त्याची निवड नुसत्या रुबाबावर करून भागत नाही. पाठ चोळून काढलेलं वीर्य तपासावं लागतं. ते जेमतेम पाव ते अर्धा मिलिलिटर भरतं, पण एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू अब्जावधी. चांगलं वीर्य दुधाळ, दाट दिसतं. पाणचट दिसलं तर शंका घ्यावी.

‘आमच्या म्हाताऱ्या कोंबड्याची पिल्लं निघतातच की,’ हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. मादीच्या अंडनलिकेत शुक्राणू दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त साठून राहतात. त्यामुळे नर मंदावला तरी काही दिवस अंडी फळत राहतात, आणि कळपात दुसरा तरुण नर असेल तर श्रेय भलत्यालाच मिळतं. उलट अंडी वांझ निघाली की दोष हमखास कोंबडीवर येतो. खरं तर सातव्या दिवशी उबवणीतली अंडी अंधारात दिव्यासमोर धरून पाहावीत. शिरांचं जाळं नसलेली स्वच्छ अंडी वाढू लागली, तर नर बदलून पाहणं सोपं. मात्र सगळं वयावरही ढकलू नये. जबलपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या उष्म्यात तरुण नराचंही वीर्य बिघडतं. तेव्हाची वांझ अंडी पाहून नर बाद करण्याआधी त्याला सावली, गार पाणी आणि दोन-तीन आठवडे द्यावेत.