पर्वतावरचा धूर आणि सायलेन्सरचा धूर

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला न्यायदर्शनात प्रथम भेटते ते धुराचे उदाहरण. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नित्य संबंध म्हणजे व्याप्ती. परीक्षेपुरते हे सर्वांनाच पाठ असते. परंतु या अनुमानाचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न कोणी केला तर आपण निरुत्तर होतो. या प्रश्नाचे एक उत्तर रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या जुन्या मोटारसायकलीपाशी मिळते. कसे, ते येथे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी येझदी ही गाडी घेऊ. झेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने 'आयडियल जावा' या कंपनीने १९६०-६१ च्या सुमारास म्हैसूर येथे या गाड्या बांधावयास सुरुवात केली. प्रथम त्या जावा या नावाने विकल्या जात. सत्तरीच्या दशकात येझदी हे नाव आले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण ती गाडी सर्वस्वी वेगळी आहे. जुन्या गाडीचे कूळ खडतर वाटांचे. तिच्याच झेक गोत्रातील सीझेड गाडीवर बेल्जियमच्या ज्योएल रोबेर याने १९६४ मध्ये २५० सीसी गटातील मोटोक्रॉसचे, म्हणजे माळरानावरील शर्यतींचे, जगज्जेतेपद मिळवले होते. जुनी येझदी हौसेने सांभाळणारे लोक आजही आहेत. आणि पनवेलहून प्रबळगडाच्या पायथ्याकडे जाणारी चढण, पावसाळ्यातील चिखल व ओढ्यांचे पाणी हे सारे अशा इंजिनाची कसोटी पाहणारेच आहे.

या इंजिनाची रचना समजली म्हणजे निम्मे निदान झाले. त्यात एकच सिलिंडर आहे. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. सायलेन्सर मात्र दोन. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा स्फोट होतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते आणि तेथून वर ढकलले जाते. त्यामुळे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. जुन्या प्रमाणानुसार लिटरला सुमारे ४० मिलिलिटर. हे तेल जळते, म्हणून थोडा निळसर धूर हा या गाडीचा स्वभावच आहे. धूर दिसला की 'पिस्टन गेला' असे म्हणणारा मनुष्य पहिल्याच पायरीवर घसरतो.

इंजिन चालावयास तीन गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, योग्य वेळी ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन. गाडी सुरूच होत नसेल तर हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत, कारण यात सोपी व बिनखर्ची तपासणी आधी येते.

पहिला प्रश्न पेट्रोलचा. कार्ब्युरेटरवरील टिकलर दाबल्यावर पेट्रोल ओघळले तर ते फ्लोटपर्यंत पोहोचत आहे. ओघळले नाही तर नळी, पेट्रोल कॉकची जाळी व टाकीचे झाकण पाहावे. झाकणाला बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले की टाकीत हवा शिरत नाही. गाडी दोनतीन किलोमीटर जाते, गुदमरते आणि थांबते. झाकण उघडताच 'फुस्स' असा आवाज येऊन गाडी पुन्हा चालू लागली, तर निदान झाले. खर्च एका टाचणीचा.

पेट्रोल पोहोचले, पण ते कोणते, हेही पाहिले पाहिजे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि टाकीत पाणी उतरले, तर इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. आणि कॉक तर तळाशीच असतो! कॉकमधून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले की दुसरा पुरावा नको.

दुसरा प्रश्न ठिणगीचा. प्लग काढून, टोपीत बसवून, त्याचे धातूचे अंग सिलिंडर हेडला टेकवावे आणि किक मारावी. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, नाहीतर बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेटते. ठसठशीत निळी ठिणगी चांगली, पिवळट मरतुकडी वाईट. जुन्या येझदीची ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते, म्हणून हॉर्न घोगरा असेल तर आधी बॅटरी पाहावी. मग प्लगच्या टोपीतील ओल, मग पॉइंट. पॉइंटमधील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर असावे.

तिसरा प्रश्न कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली असता अंगठा जोराने उडाला पाहिजे. नुसता वारा लागला तर रिंगा, पिस्टन, सिलिंडर यांच्याकडे संशय वळतो. पण तोही तिसऱ्या क्रमांकावर.

खरी परीक्षा असते ती गाडी चालू असताना दिसणाऱ्या खुणांची, कारण या खुणा फसव्या असतात. न्यायशास्त्राने येथेच सावध केले आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि ती न पाहता काढलेला हेतू सव्यभिचार, म्हणजे भरकटणारा, ठरतो.

प्लग काळा निघाला, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त, हे अनुमान असेच भरकटणारे आहे. प्लग तेल जास्त झाल्याने काळा होतो, ठिणगी अशक्त असल्याने होतो, भिजलेल्या एअर फिल्टरने होतो आणि गाडी बराच वेळ उभ्याउभ्या चालू ठेवल्यानेही होतो. चढावर ओढून, तेथेच इंजिन बंद करून काढलेला प्लगच खरे बोलतो. तो चहाच्या रंगाचा असावा. पांढरा असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, आणि ते काळ्या प्लगपेक्षा अधिक धोक्याचे.

धुराचेही तसेच. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याच वेळी गिअरबॉक्समधील तेल कमी होत असेल, तर क्रँकच्या क्लचकडील ऑइल सीलमधून ते तेल आत ओढले जात आहे. डायनॅमोकडील सील गेले तर उलट घडते : बाहेरची हवा आत शिरते, थ्रॉटल सोडले तरी इंजिन पळत राहते, तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. चढावर दम लागत असेल तर सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बनही कारण असू शकतो. तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत संशय प्रथम कंडेन्सरवर व कॉइलवर घ्यावा. बंद पडताक्षणीच ठिणगी पाहिली तर तो खरा की खोटा ते कळते.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत सांगितली : दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी असेल आणि परिणामही वेगळा असेल, तर त्या गोष्टीचा परिणामाशी कार्यकारणसंबंध आहे. गाडीपाशी याचा अर्थ सोपा आहे. एका वेळी एकच बदल करावा. प्लग, पॉइंट व जेट तिन्ही एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर गाडी सुरू झाली एवढेच समजते. दोष समजत नाही, आणि तो परत येतो.

हा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी म्हणेल. कारखाना बंद होऊन आता अनेक वर्षे लोटली आहेत, त्यामुळे मूळ सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. घाईने 'बोअर करा, नवा पिस्टन टाका' असे ठरले की सिलिंडरची धातू खरवडली जाते. ती परत येत नाही. बोअर करण्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. प्रत्येक चुकीच्या निदानागणिक त्यातील एक खर्ची पडते. दहा रुपयांच्या वॉशरचा किंवा एका सीलचा दोष पिस्टनवर लादला गेला की चांगला सिलिंडर वाया जातो, आणि मूळ दोष नव्या पिस्टनलाही खाऊन टाकतो. अशाच मार्गाने दुरुस्त होण्याजोगी गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते.

माणसांविषयी, इतिहासाविषयी, समाजाविषयी आपण कला शाखेचे विद्यार्थी रोज अनुमाने काढतो. तेथे चुकीचे अनुमान वर्षानुवर्षे मिरवू शकते. इंजिनाला मात्र भीडभाड नाही. अनुमान चुकले की ते सुरूच होत नाही. म्हणून तर्काच्या सरावाला हे जुने यंत्र चांगला गुरू आहे.