पाऊल वाजतं, मासा पळतो

उन्हाळ्यात आपल्या पूर्णेचं पात्र आटत जातं आणि पाणी डोहाडोहांत उरतं. मग आपल्यातल्या बऱ्याच जणी जाळं, गळ, टोपली घेऊन पाण्यात उतरतात. कुणाला घरच्या कालवणापुरते मासे हवे असतात, कुणाला बाजारात वाटा लावायचा असतो. मासे समोर दिसत असतात, दोन पावलं टाकली की गायब! मग जुनं माणूस ओरडतं, "गप बसा गं, तुमच्या बोलण्यानं मासे पळाले." आज मला बोलायचंय ते यावरच. मासे बोलण्यानं पळत नाहीत, पावलांनी पळतात.

हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक परत फिरतो. त्याच्या ऊर्जेतला हजारात एखादाच भाग पाण्यात शिरतो. म्हणजे काठावर बसून गप्पा मारल्या, गाणं म्हटलं, बांगड्या वाजल्या, तरी खाली फारसं काही पोचत नाही. पण गोटा गोट्यावर सरकला की तो आवाज पाण्यातच जन्मतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500 मीटर. जर्मनचं पातेलं पाण्यातल्या दगडावर आदळून ठेवलं, तर तेही तसंच. बोलणीवर बंदी घालायची आणि पातेलं दणकन आपटायचं, याला काही अर्थ नाही.

आता मासा ऐकतो कशानं? बाहेर कान दिसत नाही, पण डोक्याच्या आत असतो. रोहू किंवा मृगळ चिरताना पोटातून पांढरा फुगा निघतो, मधे दोरा बांधल्यासारखा, दोन भागांचा. मासा पाण्यात वर-खाली तरंगून राहतो तो त्याच्या जोरावर. आवाजानं हा फुगाही थरथरतो. रोहू, कटला, मृगळ यांच्यात आणि शिंगटीसारख्या मिशावाल्या माशांत फुग्यापासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, ती ही थरथर कानात पोचवते. म्हणून हे मासे फार तिखट कानाचे.

दुसरी गोष्ट अंगावरच असते. रोहूचे खवले काढण्याआधी कुशीवर नीट बघा. डोक्यामागून शेपटीपर्यंत ठिपक्याठिपक्यांची एक रेघ दिसेल. त्या ठिपक्यांतून पाण्याची हालचाल आत कळते. आपल्या पायानं ढकललेलं पाणी माशाला अंगावर जाणवतं, गढूळ पाण्यात आणि अंधारातसुद्धा. मात्र रेघेचं काम जवळचं, माशाच्या लांबीच्या एक-दोन पटीपर्यंत. त्यापलीकडचं काम कानाचं.

उथळ पाण्यात धमधम असा जड आवाज फार लांब जात नाही. पण जवळचे दोन मासे दचकून पळाले की त्यांचं बघून सगळा थवा उधळतो. एकीची घाई सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या ठेवते ती अशी.

म्हणून उतरायचं ते खालच्या अंगानं, आणि प्रवाहाच्या वर वर जायचं. वाहत्या पाण्यात मासा बहुधा प्रवाहाकडे तोंड करून असतो, त्यामुळे आपण त्याच्या पाठीमागून येतो. पायानं उठलेला गाळही खाली वाहून जातो, त्याच्यावर जात नाही. पाऊल उचलून आपटायचं नाही. पाण्यातून हळू सरकवायचं, बोटांनी दगड चाचपायचा, हलत नाही हे बघायचं, मगच भार द्यायचा. याने घसरून पडणंही वाचतं, आणि आमच्या वयाच्या बायांना तेही काही कमी नाही! चार पावलांनी थांबा. दचकलेल्या माशाला निवांत व्हायला वेळ लागतो, आणि घाईनं पुढं गेलं तर तो आणखी खोल जातो. सावलीही सांभाळा, सूर्य पाठीशी असला की ती आपल्या आधी पोचते.

रोजच्या, अपाय न करणाऱ्या आवाजाला मासे सरावतात. पूर्णा जंक्शनला राहून आपण रात्रीच्या गाड्यांना सरावलोच की. नवा, अचानक आवाजच त्यांना दचकवतो.

आणि कधी कधी आवाजच हवा असतो. डोहाच्या एका तोंडाला जाळं लावून दुसऱ्या तोंडाकडून काठीनं पाणी बडवत येतात, ते याचसाठी. मासा आवाजापासून पळतो आणि जाळ्यात जातो. पण मग आधी जाळं लागेपर्यंत सगळ्यांनी गप्प पावलांनी राहायला हवं, नाहीतर मासे कधीच कपारीत गेलेले असतात.

आता जरा कडू बोलते. काही ठिकाणी डोहात जिलेटीनचा बार लावतात. त्या दाबानं माशाच्या पोटातला तोच फुगा फुटतो. लहान-मोठा, गाभोळीचा, कुठलाच मासा सुटत नाही, आणि मेलेल्यांतले कित्येक तळाशी बसतात, हातीही लागत नाहीत. एका बारात एक डोह संपला, की त्यावर जगणाऱ्या घरांचा पुढचा हंगाम गेला. पाण्यात स्फोटकं टाकून मासे मारणं हा कायद्यानं गुन्हा आहे, विष टाकणं हाही. बार लावणारे ओळखीतलेच असतात, म्हणून आपण बोलत नाही. एकटीनं भांडायला जाऊ नका. गटातल्या चौघी मिळून ग्रामपंचायतीत सांगा, आणि बार लावताना कुणी दिसलं तर लांब राहून 112 ला फोन लावा.