दांडेकरांचा पीकविमा आणि आमचा हलका

वि. म. दांडेकर म्हटले की लोकांना दारिद्र्यरेषाच आठवते. त्यांच्यावर अलीकडे जे लेख वाचनात आले त्यांतही तेच: १९७१ मध्ये नीलकंठ रथांबरोबर केलेला दारिद्र्याचा अभ्यास, २२५० उष्मांक, आणि लेख संपला. काम थोर होते, वाद नाही. पण दांडेकरांमधला गणिती अर्थशास्त्रज्ञ खऱ्या अर्थाने दिसतो तो पीकविम्यात. बुऱ्हाणपुरात अर्थशास्त्र शिकवताना मी हेच सांगत आलो आणि आजही माझे मत तेच आहे.

जन्म साताऱ्याचा, १९२० चा. संख्याशास्त्र शिकले ते कलकत्त्याला, महालनोबिसांच्या छायेत. स्वातंत्र्याआधीच पुण्याच्या गोखले संस्थेत आले आणि गाडगीळांच्या नंतर १९६६ ते १९८० संचालक होते. निखळ संख्याशास्त्रातही त्यांचे नाव आहे: दोन-बाय-दोन तक्त्याच्या काय-वर्ग कसोटीसाठी त्यांनी सुचवलेली दुरुस्ती सी. आर. राव यांच्या ग्रंथात आली. कूळकायद्याची पाहणी, गोधनाचा वाद, संख्याशास्त्रज्ञ सुखात्म्यांशी कुपोषणाच्या मोजमापावर झालेली झुंज, महाराष्ट्राच्या अनुशेषाचा १९८४ चा अहवाल, या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पुढे जातो.

पीकविम्यात नुकसान मोजायचे कसे, ही अडचण जुनी आहे. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० मध्येच पावसावर आधारित विम्याची योजना मांडली होती. सरकारी विमा क्षेत्राने १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कपाशीवर प्रयोग सुरू केला तो मात्र प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजण्याचा. पुढे तो आणखी काही राज्यांत गेला. १९७८ पर्यंत त्यात ३,११० शेतकरी आले. हप्ता जमला ४.५४ लाख, भरपाई गेली ३७.८८ लाख. हे होणारच होते. ज्याचे पीक बुडण्याची भीती जास्त, तोच विमा घ्यायला पुढे येतो. आणि भरपाई मिळणारच म्हटल्यावर निंदणी-फवारणीत हात आखडतो. शिवाय प्रत्येक शेताचे मागील उत्पन्न कोणाच्या वहीत असते?

दांडेकरांनी १९७६ मध्ये यावर क्षेत्रनिहाय पद्धत सुचवली. एक सारखा टापू घ्यायचा. त्यात चिठ्ठी टाकावी तशी शेते निवडून पीककापणी प्रयोग करायचे. सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेले, तर टापूतल्या प्रत्येक विमाधारकाला त्याच प्रमाणात भरपाई. उंबरठा हेक्टरी दहा क्विंटल आणि प्रत्यक्षात सहा आले, तर तूट चाळीस टक्के. म्हणून विमा-रकमेच्या चाळीस टक्के प्रत्येकाच्या खात्यात. तुमच्या शेतात किती पिकले, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे कष्ट करणाऱ्याचे नुकसान होत नाही आणि आळशाला बक्षीस मिळत नाही. एवढ्या छोट्या गणितात इतके शहाणपण मी दुसरीकडे पाहिलेले नाही. याच तत्त्वावर १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष, १९९९ ची राष्ट्रीय आणि २०१६ ची पंतप्रधान योजना उभी राहिली.

हे सारे उभे आहे पीककापणीच्या पायावर. तो पाया घालणाऱ्यांत इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम केलेले वि. गो. पानसे होते. वऱ्हाडातल्या कपाशीवर त्यांनी यादृच्छिक नमुन्याने पाहणी करून दाखवली. त्यांचा आणि सुखात्म्यांचा ग्रंथ कृषी संख्याशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी वापरला. पद्धत साधी असली तरी करडी आहे. नकाशावरून गट नंबर, यादृच्छिक आकड्यांवरून शेताचा कोपरा, तिथून इतकी पावले लांबी-रुंदी, मग खुंट्या आणि दोरी. झाड दोरीच्या आत की बाहेर, ते बुंध्यावरून ठरवायचे. फांदी आत आली म्हणून झाड आत धरायचे नाही. कपाशीला तर प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यात परत जावे लागते. पहिली वेचणी मोजली आणि पुढच्या अंदाजाने लिहिल्या, की सारा हिशोब बिघडला. असे अंदाज लिहिले जातात. गावात विचारा, कोणीही सांगेल.

आता उपग्रह आणि ड्रोन आले, पीककापणीची गरज उरली नाही, असे काही विद्वान सांगतात. आकाशातून पानांची हिरवाई दिसते, बोंडातला कापूस वजनाला किती उतरला ते दिसत नाही. त्या चित्राला आकडा जोडायलाही शेवटी दोरीच लागते. दुसरी मंडळी म्हणतात, क्षेत्रनिहाय पद्धतच शेतकऱ्याला फसवते. त्यांचे दुखणे खरे आहे, निदान चुकले आहे. दोष पद्धतीत नाही. टापू सारखा नसतानाही सारखा धरतात, त्यात आहे. आमच्याच जिल्ह्यात तापीकाठची काळी, विहिरीच्या पाण्यावरची जमीन आणि खकनारकडची सातपुड्याच्या पायथ्याची हलकी, कोरडवाहू जमीन. एका हलक्यात, म्हणजे एका पटवाऱ्याच्या टापूत, दोन्ही आल्या, की ओलिताची सरासरी कोरडवाहूचे नुकसान झाकून टाकते. दांडेकरांची पहिली अटच टापू एकजिनसी असण्याची होती.

केळीचे प्रकरण निराळे. मे-जूनच्या वादळात एक बाग आडवी होते, बांधापलीकडची उभी राहते. तिथे टापूची सरासरी काढून उपयोग नाही. गारपिटीसारखाच शेतनिहाय पंचनामा हवा. रावेरकडच्या जळगाव जिल्ह्यात हवामानाधारित विमा आहे, पण वाऱ्याचा वेग मोजणारे केंद्र बागेपासून किती दूर आहे यावर सारे ठरते.

माझे विद्यार्थी पूर्वी पटवाऱ्याबरोबर बांधावर जायचे, संध्याकाळी आकडेमोड करायचे. आता अर्थमितीचे पेपर संगणकावर सुबक होतात आणि एकानेही कपाशीची वेचणी जवळून पाहिलेली नसते. हे मला सहन होत नाही. निदान एक करता येईल: प्रत्येक हलक्यातल्या प्रत्येक पीककापणीचा गट नंबर, तारीख आणि वजन ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लागावे, आणि ओलीत व कोरडवाहू कपाशीचे उंबरठे वेगळे काढावेत.