मृगातल्या कोवळ्या ताऱ्यांची धग

पौष-माघात शेतीला रात्रीची लाईट असते, तेव्हा डोंगरकडा गावाच्या शिवारात हरभऱ्या-गव्हाची दारं धरणाऱ्यांच्या डोक्यावर मृग नक्षत्र असतं. चार कोपऱ्यांना चार तारे आणि मध्ये व्याधाने मारलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाच्या दक्षिणेला तीन मंद ठिपके आहेत, त्यातला मधला धूसर दिसतो. तोच मृगातला तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं.

इथे तारे जन्म घेतात. ज्या ढगातून ते घडतात, तो उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास गारठलेला असतो. तारे उजळल्यावर त्यांच्या भोवतीचा तोच वायू आठ-दहा हजार अंशांवर पोचतो. एवढी उष्णता त्याला मिळते कशी?

सुरुवात जन्माआधीच होते. घडत्या ताऱ्यावर कोसळणारा वायू तापतो आणि त्या उजेडाने भोवतालची धूळ ऊबदार होते. धूलिकणांवर गोठलेलं पाणी आणि मिथेनॉल वाफ होऊन वायूत मिसळतं. शिवाय असा तारा दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाचे झोत सोडतो. ते ढगावर आदळतात, तिथला वायू हजारो अंशांपर्यंत तापतो.

खरी धग मात्र वजनदार ताऱ्यांची. मृगातल्या 'थीटा-१ ओरायनिस सी' या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या तीसपटीहून अधिक आहे. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन हुसकून लावतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वायूत वाटली जाते.

हायड्रोजन फोडू न शकणारे, थोडे कमी ऊर्जेचे अतिनील किरण आणखी आत शिरतात. तिथे मध्यस्थी करते ती धूळ. किरण धूलिकणावर पडला की कणातून इलेक्ट्रॉन उडतो आणि वायूच्या अणूंना धडका देत त्यांना तापवतो. या वाटेने वायूला मिळते ती ऊर्जा फार तर काही टक्के. बाकीची धूळच अवरक्त किरणांच्या रूपाने परत फेकते.

वायूच्या वाट्याला आलेली ही उष्णता मोजायची सोय निसर्गातच आहे. तापलेल्या वायूतले विद्युतभारित कार्बन अणू १५८ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण सोडून त्याला निववतात. ते जितके तीव्र, तितकी उष्णता आत येते आहे असा हिशेब. अडचण एकच: हवेतली वाफ हे किरण गिळते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून महाकाय फुग्याला बांधून तीसएक किलोमीटर उंचीवर नेली. जपानी शास्त्रज्ञांनी बनवलेला वर्णपटमापक तिच्यावर बसवला होता. त्यातून तयार झालेला मृगातल्या ढगाचा कार्बन-नकाशा २००३ साली प्रसिद्ध झाला. अशा उड्डाणांनंतर यंत्रं पॅराशूटने शेतशिवारात उतरतात. कुणी हात लावू नये, पोलिसांना कळवावं, असं आवाहन संस्था आधीच करते.

अतिनील किरणांनी फुटलेला हायड्रोजन रेडिओ लहरीही सोडतो. त्या टिपायला पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण धुळीआड दडलेल्या तारकाजन्माच्या जागाही शोधते, कारण रेडिओ लहरींना धुळीचा अडथळा होत नाही.

या मोजमापावर मोठा प्रश्न अवलंबून आहे. थंड वायू स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो आणि त्याचे तारे होतात. तापलेला वायू फुगतो, पांगतो. म्हणजे ढगातल्या किती वायूचे तारे होणार, हे आधी जन्मलेल्या थोरल्यांची धग बरंचसं ठरवते. मृगाच्या तेजोमेघामागे अजून थंड वायूचा प्रचंड साठा उरला आहे, आणि तिथे नवे तारे घडण्याचं काम आजही चालू आहे.