डक्ट क्लीनिंग: 99 डॉलरची ऑफर आणि घरातली खरी हवा

आजचा भाग मुख्यतः अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या श्रोत्यांसाठी आहे. पण भारतातल्या मंडळींनो, लगेच स्किप करू नका. शेवटी तुमच्याही घरासाठी एक महत्त्वाचा मुद्दा आहे.

इथल्या फेसबुक ग्रुपवर एक जाहिरात हमखास दिसते. ‘पूर्ण घराचे एअर डक्ट साफ करून मिळतील, फक्त 99 डॉलर!’ सोबत काळ्याकुट्ट धुळीचा फोटो. तो बघून वाटतं, बापरे, आपण हेच श्वासातून आत घेतोय की काय! मलाही बऱ्याच जणांनी विचारलंय, हे करून घ्यावं का? तर आज तेच नीट समजून घेऊ.

आधी डक्ट म्हणजे काय ते बघू

पुण्या-मुंबईत आपल्याकडे बहुतेक स्प्लिट एसी असतो. तो ज्या खोलीत, त्याच खोलीची हवा घेतो आणि गार करून तिथेच सोडतो. त्याला डक्ट नसतात. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत मात्र एकच मोठी यंत्रणा असते. बेसमेंटमध्ये किंवा एखाद्या कपाटासारख्या खोलीत फर्नेस आणि मोठा पंखा असतो. तिथून भिंतींमधून, छतातून पत्र्याचे किंवा लवचीक नळ प्रत्येक खोलीत जातात. हे झाले डक्ट. काही जाळ्यांतून हवा खोलीत येते, काहींतून ती परत ओढली जाते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा एक लूप आहे. तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि वाटेत तिला गाळणारी एकच गोष्ट असते: फिल्टर.

मग डक्ट साफ करायचे की नाही?

अमेरिकेची पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए, याबद्दल अगदी स्पष्ट बोलते. डक्ट साफ केल्यामुळे आजार टळतात, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. कारणही सोपं आहे. डक्टमधली बरीचशी धूळ आतल्या पृष्ठभागाला चिकटून बसते, ती खोलीत येतेच असं नाही. आपल्या घरातली जास्त धूळ चपलांबरोबर, खिडकीतून, स्वयंपाकातून आणि आपल्या कपड्यांतून येते.

ईपीएच्या मते सफाईचा विचार करावा अशी कारणं तीन. एक, डक्टच्या आत किंवा यंत्रणेच्या भागांवर भरपूर बुरशी डोळ्यांना दिसतेय. दोन, आत उंदीर किंवा किडे झालेत. तीन, डक्ट धुळीने तुंबलेत आणि जाळीतून खरोखर धूळ बाहेर पडतेय. यातलं काही असेल तर आधी त्याचं मूळ शोधा. पाणी कुठून झिरपतंय, उंदीर कुठून येतायत, हे थांबवलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच. आणि फायबरग्लासचं अस्तर ओलं होऊन त्याला बुरशी लागली असेल तर ते साफ होत नाही, बदलावंच लागतं.

आता 99 डॉलरचं गणित. ईपीएच्या माहितीनुसार नीट काम करायला साधारण 450 ते 1,000 डॉलर लागतात. मग 99 मध्ये कसं काय? बऱ्याचदा माणूस घरी आल्यावर ‘बुरशी सापडली’ म्हणतो, फवारणीचं वेगळं बिल काढतो, आणि आकडा चढत जातो. साधा व्हॅक्यूम घेऊन वरवर काम केलं तर बसलेली धूळ उलट घरभर उडते. अजून एक खूण सांगतो. कोणी म्हणालं, ‘आम्ही ईपीए सर्टिफाइड आहोत’, तर तिथेच सावध व्हा. ईपीए डक्ट साफ करणाऱ्या कंपन्यांना प्रमाणपत्र देतच नाही.

पैसे आणि वेळ कुठे घालायचा?

पहिला नंबर फिल्टरचा. फिल्टरवर मर्व्ह नावाचा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी गाळणी बारीक. मर्व्ह 13 चा फिल्टर 0.3 ते 1 मायक्रॉनचे निम्मे तरी कण पकडतो. जून 2023 मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचं आकाश केशरी झालं होतं, आठवतंय? अशा वेळी हाच फिल्टर कामाला येतो. पण तुमच्या यंत्रणेचा पंखा तेवढा दाब सोसतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा. साधारण 1 ते 3 महिन्यांनी बदला, आणि लावताना फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या दिशेला ठेवा. भाड्याने राहत असाल तर हे काम कुणाचं, तुमचं की घरमालकाचं, ते करारात वाचा.

दुसरं, स्वयंपाकघर. आपली फोडणी म्हणजे घरातल्या धुराचा मोठा स्रोत! शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की जाळीतून गाळून तोंडावरच परत सोडतो, हे तपासा. अपार्टमेंटमध्ये बऱ्याचदा दुसरा प्रकार असतो. तसं असेल तर फोडणी देताना खिडकी उघडा.

तिसरं, आणि हे खूप महत्त्वाचं: ड्रायरचा नळ. एअर डक्टची चर्चा सगळे करतात, पण आग लागते ती इथे. कपडे वाळवताना सुटणारा भुगा, म्हणजे लिंट, कापसासारखा पटकन पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 च्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की ड्रायरमुळे घरांत वर्षाला सुमारे 2,900 आगी लागतात. आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण काय, तर सफाई न करणं! म्हणून प्रत्येक लोडनंतर जाळी साफ करा. मागचा नळ वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या, आणि तो प्लास्टिकचा असेल तर धातूचा बसवा. कपडे एका फेरीत वाळत नसतील, किंवा ड्रायर चालू असताना भिंतीबाहेरची झडप उघडत नसेल, तर नळ तुंबलाय असं समजा.

चौथं, कार्बन मोनॉक्साइड. गॅसवर चालणारी फर्नेस बिघडली किंवा तिची धूर बाहेर नेणारी वाट बंद झाली, तर हा वायू घरात पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. सीडीसीच्या माहितीनुसार अमेरिकेत वर्षाला 400 हून जास्त लोक याने दगावतात, आणि यात आगीत अडकून गेलेले मोजलेले नाहीत. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म हवा, तो चालतोय का हेही तपासत राहा. थंडीआधी फर्नेसची तपासणी करून घ्या. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ असा त्रास घरातल्या सगळ्यांना एकदम व्हायला लागला आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो फ्लू समजू नका. आधी सगळ्यांनी बाहेर पडा, मग 911 ला फोन करा.

भारतातल्या श्रोत्यांसाठी

हाच वायू आपल्याकडच्या बाथरूममधल्या गॅस गीझरमधूनही तयार होतो. दार-खिडकी बंद करून आंघोळ करताना माणूस बेशुद्ध पडतो, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आतच असेल तर पाणी बादलीत भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. हवा खेळती राहायला खिडकी उघडीच हवी. आजच घरी फोन करून आई-बाबांना हे नक्की विचारा.

तर मंडळी, डक्टमध्ये बुरशी, उंदीर किंवा तुंबलेली धूळ दिसत नसेल तर ते 99 डॉलर वाचवा. त्यातून एक चांगला फिल्टर आणि एक अलार्म येतो. तुमच्या ग्रुपवर ती जाहिरात पुन्हा आली, तर खाली या भागाची लिंक टाका. पुढच्या भागात भेटू, तोवर काळजी घ्या!